पोरक्याच्या पाठीवरचं कातडं

मेसा लार्गा
६ एप्रिल

कोम्पाद्रे आन्सेल्मो,

फोनवर आपलं भांडण होतं आणि मग महिनाभर कुणी कुणाला फोन करत नाही, म्हणून पुन्हा पत्रच. पत्रात निदान तुम्हाला मध्येच तोंड घालता येत नाही.

तुमच्या सासूबाईंनी माझं वासरू मारलं. हो, त्याच, गळ्यात सरकारी पट्टा मिरवणारी करडी लांडगी. चाळिशी उलटली तरी लग्न केलं नाहीत, म्हणून लांडगे राखायची नोकरी देऊन सरकारनेच तुम्हाला सासू दिली. तिच्या मागे मागे फिरता, आयतं मांस नेऊन वाढता, आणि ती तोंडसुद्धा दाखवत नाही.

सकाळी पाण्याच्या टाकीपाशी गेले तर वासरू पडलेलं, मांडीचा लचका गेलेला, आणि गाय शेजारी उभी राहून हंबरत होती. घरी गोठ्यात एक पोरकं होतंच, आई मेलेलं, बाटलीवर जगवलेलं. पुढे मी काय केलं ते तुम्हाला सांगायला नको, बाबांनी आपल्या दोघांनाही एकाच दिवशी शिकवलं. मेलेल्याचं कातडं सोललं, पोरक्याच्या पाठीवर चढवलं, पायांशी भोकं पाडून बाबांच्या त्या दुहेरी गाठी मारल्या. गाईने हुंगलं, मान फिरवली, पुन्हा हुंगलं आणि पान्हा सोडला. मी तिथेच मातीत बसून रडले. पोर्फिरियो गेला, मी विधवा झाले, तेव्हापासून मला कशानेही रडू येतं.

दुपारी सरकारी तपासनीस उगवला. म्हणे, "बाई, कातडं कुठंय? दातांच्या खुणा कातड्याच्या आतून बघाव्या लागतात."

मी म्हटलं, "ते काय, दूध पितंय."

तोवर कातडं सुकून आक्रसलं होतं, खुणा कुठल्या दिसायला! कागदावर त्याने लिहिलं, 'कारण अज्ञात'. म्हणजे मी खोटारडी. पोरकं मरू द्यायचं आणि मेलेलं राखत बसायचं, असा यांचा न्याय.

शेजारचे हार्लन टॅकेट येऊन गेले. या लांडग्यांचं संरक्षण काढून घेणारं विधेयक वॉशिंग्टनला आलंय. समितीपुढे मी साक्ष द्यावी म्हणतात. मी जाणार आहे. मला अडवू नका.

तुमचा लेआंद्रो बरा आहे. चराईचा परवाना जानेवारीत त्याच्या नावावर केला. सही करताना माझ्या पोराचे कान लाल झाले होते. शाळेच्या बसची वाट बघत, लांडग्यांच्या भीतीने जाळीच्या पिंजऱ्यात बसणारं पोर, आता जंगलातल्या आपल्या कुरणाचा धनी झालंय.

तुम्ही त्याला बाप्तिस्म्याला हातात धरलंत, त्याचे पाद्रिनो म्हणजे धर्मपिता झालात, आपण कोम्पाद्रे-कोमाद्रे झालो, म्हणून रीतीप्रमाणे सख्ख्या धाकट्या भावाला 'तुम्ही' म्हणतेय. आज ते फार जड गेलं.

देल्फिना


सिएनेगा आल्ताची छावणी
३० एप्रिल

कोमाद्रे देल्फिना,

वासरू तिनेच मारलं असणार. माझा तुमच्यावर विश्वास आहे, फक्त माझा विश्वास सरकारी कागदावर चालत नाही. तिचा नर हिवाळ्यात ट्रकखाली गेला. पोटुशी होती, एकटीला मोठं हरीण पाडता येत नाही, मग वासरू दिसलं. हे मी तिची वकिली म्हणून सांगत नाही. तुमची गाय जशी हंबरली, ते ऐकून मीही तिथे बसलो असतो.

पण गेल्या आठवड्यात जे केलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सासूबाई व्यायल्या, चार पिल्लं. आम्ही प्राणिसंग्रहालयातून आणखी दोन आणली, डोळे न उघडलेली, मुठीत मावतील अशी. रानात उरलेले सगळे लांडगे एकमेकांचे चुलत-मावस आहेत, नवं रक्त मिळालं नाही तर वंश खुंटेल. सासूबाई बाहेर गेलेल्या बघून मी पोटावर सरपटत तिच्या गुहेत शिरलो. तिची चार बाहेर काढली, आमची दोन त्यांच्यात मिसळली, सगळ्यांना गुहेतली माती चोळली, एकाचं मूत दुसऱ्याला पुसलं. बरोबरच्या शास्त्रज्ञ मुलीने विचारलं, "हे इतकं सहज कुठे शिकलात?" मी म्हटलं, "बहिणीच्या गोठ्यात."

सासूबाई परतल्या. दुर्बिणीतून बघत होतो. हुंगलं, मान फिरवली, पुन्हा हुंगलं, आणि सहाही पिल्लांना पोटाशी घेतलं. मला बाबांची फार आठवण आली.

कुठली गुहा माहीत आहे? बाबांच्या जुन्या मेंढवाड्यावरचा तांबडा कडा, बीन्स निवडायला नकोत म्हणून आपण जिथे लपायचो तीच. हे कुणाला सांगायचं नसतं, माझी नोकरी जाईल. तुम्ही म्हणजे कुणी नव्हे, म्हणून सांगितलं.

वॉशिंग्टनला जाता आहात तर जा. पण तिथले लोक तुमचं अर्धंच बोलणं घेतील आणि अर्धं टेबलावर टाकून देतील. सांभाळा.

तुमचा आन्सेल्मो


मेसा लार्गा
१७ मे

कोम्पाद्रे,

तुमचं खरं ठरलं, हे एकदाच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

वॉशिंग्टनच्या जेवणाला चव नाही. मिरची मागितली तर काळ्या मिरीची डबी पुढे सरकवली. समितीपुढे टेबलावर एक दिवा असतो, तो लाल झाला की गप्प बसायचं. मी घरून ठरवून गेले होते: आधी वासराचं सांगायचं, मग कातड्याचं, मग हेही सांगायचं की माझा भाऊ त्या पिल्लांना तसंच जगवतो, आणि मला लांडगे संपवायचे नाहीत, मी लांडग्याने मारलं म्हटलं की कुणीतरी हो म्हणावं एवढंच हवंय. वासराचं सांगून होईतो दिवा लाल झाला. मी तरी तोंड उघडलं, तर अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद, बाई." पेपरात माझा फोटो आला, खाली 'लांडग्यांनी उद्ध्वस्त केलेली विधवा'. मी काही उद्ध्वस्त वगैरे नाही. माझे बूट नवे होते त्या फोटोत.

पण विधेयक मंजूर झालं. परवा सान इसिद्रोची मिरवणूक होती, शेतांना आशीर्वाद देऊन झाल्यावर चर्चच्या अंगणात मांस भाजलं. टॅकेट ट्रकवर चढून ओरडले, "संपलं! देल्फिनाबाईंनी करून दाखवलं!" टोप्या उडाल्या, गिटारी निघाल्या, म्हाताऱ्या माझे गाल ओढायला लागल्या. लेआंद्रोने संताची मूर्ती खांद्यावरून उतरवली आणि माझ्या कानात म्हणाला, "आई, तुझा कायदा!" मला बरं वाटलं, आन्सेल्मो. खोटं कशाला बोलू.

तुमचं पत्र नेहमीसारखं जेवताना त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. गुहेचं ऐकून खूप हसला. "पाद्रिनो अजून मावतात त्या भोकात?" म्हणाला.

देल्फिना


सिएनेगा आल्ता
२६ मे

कोमाद्रे,

कायदा झालेला नाही! फक्त खालच्या सभागृहाने हो म्हटलंय. वरच्या सभागृहात जायचं, मग सही व्हायची, कदाचित कधीच व्हायची नाही. तोवर तिला कुणी गोळी घातली तर तुरुंग आहे. आणि ज्याला शिक्षा होते त्याचा जंगलातला चराईचा परवानाही सरकार काढून घेऊ शकतं. टॅकेटना हे माहीत असणार, ट्रकवर चढल्यावर विसरले असतील. लेआंद्रोला हे पत्र नीट वाचून दाखवा, दोनदा वाचा. तुमच्या पिढ्यांचं कुरण आता त्याच्या नावावर आहे.

आणि गुहेचं पत्र तुम्ही मोठ्याने वाचलंत! जाऊ द्या. घरातलंच पोर आहे.

एक गोड बातमी. सासूबाई गुहा सोडायला तयार नाहीत. पट्ट्यातल्या रेडिओचा संदेश सतत तिथूनच येतोय, जरा इकडे, जरा तिकडे, की परत तिथेच. खाली ठेवलेलं मांस उचलायलासुद्धा उतरलेल्या नाहीत. बाकीच्या आया पिल्लांना टाकून दिवसदिवस भटकतात, ही पाहा. आम्ही जवळ जात नाही, तिला त्रास नको. तुम्ही तिला कितीही शिव्या घाला, आई म्हणून तिला नावं ठेवता यायची नाहीत.

आन्सेल्मो


मेसा लार्गा
२ जून

कोम्पाद्रे,

वाचून दाखवलं, दोनदा. पोर पांढरंफटक पडलं, घास तसाच ठेवून उठलं. अशा धमक्या लिहीत जाऊ नका. आधीच त्याचं काहीतरी बिनसलंय.

मला वाटतं मुलगी आहे. उजाडायच्या आत घोडा काढतो, तिन्हीसांजेला येतो, शर्ट स्वतः धुतो. कधी नव्हे ते! कुंपण दुरुस्त करतोय म्हणतो, पण तारेचं वेटोळं खुंटीला तसंच टांगलेलं. "कुणाची आहे रे, सांग की," असं चिडवलं तर एवढं मोठं पोर माझ्यासमोर रडायला लागलं. मी हात लावला तर म्हणतो, "आई, नको, माझ्या अंगाला वास येतो." प्रेमात पडलं की माणूस वेडं होतं, पण घाण वास कशाने येईल?

इथे उंदीरही माजलेत. वासरांच्या दुधाच्या पावडरीचं पोतं अर्धं झालंय आणि त्यांना पाजायची तांबड्या बोंडाची बाटली कुठे गेली देव जाणे.

तुम्ही येऊन एकदा बोला त्याच्याशी. बापाला सांगितलं असतं ते पाद्रिनोला सांगेल.

देल्फिना


सिएनेगा आल्ता
९ जून

कोमाद्रे,

काल पट्टा निश्चल झाला. म्हणून मी वर गेलो. नशिबाने एकटाच गेलो.

सासूबाई गुहेत नव्हत्या. गुहेत त्यांचं कातडं होतं. मानेला पट्टा तसाच ठेवलेला. कातडं पसरलेलं नव्हतं, कमानीसारखं वाकवून दोन काठ्यांवर ताणलं होतं, खाली ऊब राहावी म्हणून; पायांशी भोकं पाडून काठ्यांना बांधलं होतं. पिल्लं त्याच्याखाली एकमेकांना चिकटून पडली होती. पाच. सगळी गेलेली. शेजारी तांबड्या बोंडाची बाटली.

गाठी दुहेरी होत्या, कोमाद्रे. त्या गाठी या जगात तीनच माणसांना येतात. त्यातला एक मी.

खालच्या ओढ्याशी तिचा देह सापडला, दगडांनी नीट झाकलेला. आचळांत दूध होतं तेव्हा मारलीय. मला वाटतं त्याने तिला मारलं, मग जवळ जाऊन ते दूध बघितलं. आणि मग त्याला जे एकच येत होतं ते त्याने केलं. अंगावर ते कातडं घेऊन तो आत जात असणार, म्हणून वास. मी इतके दिवस पट्ट्याचे संदेश बघून सासूबाईंचं कौतुक करत होतो, तो माझा लेआंद्रो होता.

सहावं पिल्लू मिळालं नाही. सोमवारी मला हे सरकारला कळवावंच लागेल. त्याच्याशी बोला.

आन्सेल्मो


मेसा लार्गा
१२ जून

आन्सेल्मो,

आज मी तुझी कोमाद्रे नाही. तुला कडेवर घेऊन वाढवलेली बहीण आहे, म्हणून 'तू'च म्हणते.

तो सगळं बोलला. ती टाकीपाशी आली होती, त्या पोरक्या वासराजवळ. त्याला वाटलं कायदा झालाय. माझा कायदा! माझ्यासाठी मारली त्याने, मला दाखवायला कातडं आणणार होता. मग आचळं दिसली. तो तुझ्याकडेच निघाला होता, घोड्यावर बसला होता, पण तेवढ्यात तुझं पत्र आलं, मी मूर्ख बाईने त्याला जेवायला आत बोलावलं आणि ते दोनदा वाचलं.

ऐक माझं. त्या गाठी सोड. दोऱ्या जाळ. बाटली गाड. मग तो सांगेल की कोल्हा समजून मारला. सगळे तेच सांगतात आणि सुटतात, हे तुझ्याच तोंडून ऐकलंय मी. तुझं काय जाणार आहे? ती मेलीच आहे. पिल्लं मेलीच आहेत. माझं एकच आहे, आन्सेल्मो. चर्चमध्ये पाद्रीने विचारलं होतं, आईबाप नसतील तेव्हा या मुलाला कोण सांभाळेल, तेव्हा तू मोठ्याने 'मी' म्हणाला होतास.

सहावं माळ्यावर आहे, पोर्फिरियोच्या टोपीत. श्वास चालू आहे. दूध ओकतंय. लेआंद्रो त्याच्याजवळून हलत नाही.

तुझी बहीण


सिएनेगा आल्ता
१६ जून

कोमाद्रे,

गाठी मी सोडल्या होत्या. तुमचं पत्र यायच्या आधीच. दोऱ्या माझ्या खिशात होत्या, बाटली गाडली होती. हे तुम्हाला माहीत असावं.

सोमवारी सकाळी लेआंद्रो स्वतः छावणीत आला. शर्टाच्या आत ते पिल्लू. सगळे तिथेच होते, जंगलखात्याचा अधिकारीसुद्धा. कुणाकडे न बघता माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "पाद्रिनो, हे ओकतंय. काहीतरी द्या."

अधिकारी वाईट माणूस नव्हता. त्याने सुटायचं दार उघडून दिलं. म्हणाला, "कोल्ह्याचं दिसतंय. आईला कोल्हा समजूनच मारलंस ना, बाळ?" मी लेआंद्रोचा दंड दाबला, हो म्हण म्हणून.

तो म्हणाला, "नाही. लांडगी होती. मला माहीत होतं. कोल्ह्याचं म्हटलं तर याला औषध कोण देणार?"

मग त्यांनी खरंच धावपळ केली. सुई, सलाइन, ऊब, सगळं. दुपारी ते गेलं. लेआंद्रोला गाडीत बसवलं तेव्हा त्याने मला विचारलं, आई जेवली असेल का.

मी दोऱ्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी विचारलं, पोराला गुहा कशी कळली, तेही सांगितलं.

आन्सेल्मो


मेसा लार्गा
८ डिसेंबर

कोम्पाद्रे,

सहा महिने लिहिलं नाही. तुम्हाला शिव्या द्यायला बसायचे आणि शिव्या माझ्यावरच यायच्या. तुमची नोकरी गेल्याचं ऐकलं. लाकडं फोडताय म्हणे. पाठ सांभाळा.

परवाना रद्द झाल्याचं पत्र सप्टेंबरात आलं. कुरण नाही तर गुरं कशाला! सगळी लिलावात काढली. ती गाय आणि ते पोरकं एकाच माणसाला द्या म्हणून मी पाया पडायची बाकी राहिले. वेगवेगळ्या ट्रकांत गेली. गाय पार वळणापर्यंत हंबरत होती, आपलं नव्हतंच ते हे तिला अजून माहीत नाही.

विधेयक वरच्या सभागृहात पडून आहे. टॅकेट, जे खटल्याला एकदाही फिरकले नाहीत, परवा मिठाई घेऊन आले. पुन्हा वॉशिंग्टनला चला म्हणाले, लांडग्यापायी कोवळं पोर तुरुंगात गेलं ते सांगा. "फक्त त्या बाटलीचं बोलू नका," म्हणाले. लांडगे वाचवणाऱ्या संस्थेच्या एका बाईचाही फोन आला होता. व्यालेली लांडगी कशी मारली तेवढं तिला हवं होतं. बाटलीचं सांगायला लागले तर म्हणाली, त्याने लोकांचा गोंधळ होईल. माझ्या पोराचे दोन तुकडे करून घेताहेत, आन्सेल्मो, आणि त्यातला एकही लेआंद्रो नाही. मी दोघांनाही नाही म्हटलं. माझा दिवा लाल झालाय.

रविवारी त्याला भेटायला गेले. वाळलाय. जाळीपलीकडून म्हणाला, "रडू नको, जाळीत बसायची सवय आहे मला, बस येतेच कधीतरी." मग म्हणाला, "पाद्रिनोंना एवढं विचार. वासरांच्या दुधाने मेली का ती पिल्लं? की आई नव्हती म्हणून?"

त्याला दुसरं काहीच नको. कधी सुटणार हेसुद्धा विचारत नाही. पुढच्या रविवारच्या आत उत्तर लिहा.

देल्फिना


लास पालोमास
१२ डिसेंबर

कोमाद्रे,

हे पत्र त्याच्यासमोर नेऊ नका, आणि घरात एकट्या असलात तरी मोठ्याने वाचू नका.

लेआंद्रोला सांगा, दुधामुळे नाही. आईवाचून एवढी लहान पिल्लं जगतच नाहीत, कुणीही काहीही केलं असतं तरी नाही. पाद्रिनोंनी शपथेवर सांगितलंय म्हणून सांगा. माझ्या तोंडून त्याने आजवर खोटं ऐकलेलं नाही, त्यामुळे तो मानेल.

तुम्हाला मात्र खरं सांगतो, मला एकट्याला ते पेलत नाही. दुधानेच गेली. वासराचं दूध त्यांना सोसत नाही, पोट बिघडतं, ओकतात, आणि आतून सुकत जातात. पहिल्याच दिवशी माझ्याकडे आणली असती तर सगळी नाही तरी बरीचशी वाचली असती. आमच्याकडे त्यांचं दूध डब्यांनी पडून होतं. तो घोड्यावर बसलाही होता. माझ्या पत्राने त्याला खाली उतरवलं. तुरुंग मीच लिहिला होता, परवाना मीच लिहिला होता.

आणखी एक गोष्ट आहे, ती त्याला सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. पिल्लं फाडून तपासली तेव्हा मी तिथे उभा होतो. इतकी वर्षं मेलेली पिल्लं उघडताना बघतोय. आई मेली की आत काही नसतं, कधी माती असते, कधी गवत. या सहाही पिल्लांची पोटं भरलेली होती, कोमाद्रे. गच्च भरलेली. एकही उपाशी गेलं नाही.

आन्सेल्मो